व्याख्यानं फुकट, जाब विकत

ऑगस्ट २०१८. वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांत पैसे गुंतवणाऱ्या अमेरिकेतल्या नावाजलेल्या संस्थेनं आपल्या ‘स्टार्टअप स्कूल’ या ऑनलाइन वर्गासाठी अर्ज मागवले होते. जगभरातून सुमारे पंधरा हजार नवउद्योगांनी अर्ज केले. मार्गदर्शक मोजके, त्यामुळे त्यातल्या थोड्यांनाच घ्यायचं ठरलेलं. पण ईमेल पाठवताना घोळ झाला आणि निवड न झालेल्यांनाही ‘तुमची निवड झाली’ असं कळवलं गेलं. चूक ध्यानात आल्यावर शेवटी संस्थेनं सरळ सगळ्यांनाच आत घेतलं.

पंधरा हजारांना व्याख्यानं दाखवायला जादा खर्च जवळपास शून्य होता, म्हणून तर दार एका फटक्यात सताड उघडता आलं. मार्गदर्शकांचे तास मात्र रातोरात वाढवता येत नव्हते. पुढच्या काळात या वर्गात संस्थापकांचेच छोटे छोटे गट पाडले गेले. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर जमायचं आणि आपण काय केलं त्याचा हिशेब एकमेकांना द्यायचा. नवउद्योजकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा आज जो पसारा झाला आहे, त्यात ‘प्रशिक्षण’ या एकाच पाटीखाली निरनिराळा माल ठेवलेला असतो. व्याख्यान, जाब विचारणारी सोबत आणि गुंतवणूकदाराच्या दारापर्यंत नेणारी ओळख. पहिला माल फुकट झाला आहे, तिसरा अजून महागच आहे. माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे तो दुसरा, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच वानवा आहे.

आधी व्याख्यानं. २०१२ मध्ये पीटर थील यांनी स्टॅनफर्डला एक वर्ग घेतला. ब्लेक मास्टर्स या विद्यार्थ्यानं काढलेल्या नोट्स इंटरनेटवर इतक्या फिरल्या की त्यातून दोन वर्षांनी ‘झीरो टू वन’ हे पुस्तक झालं. २०१२ मध्येच स्टीव्ह ब्लँक यांचा ‘हाउ टु बिल्ड अ स्टार्टअप’ हा अभ्यासक्रम युडॅसिटीवर फुकट आला. कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन व्यासपीठंही २०१२ चीच. २०१४ मध्ये सॅम ऑल्टमन यांनी (तेव्हा ते वाय कॉम्बिनेटरचे प्रमुख होते, चॅटजीपीटी यायला अजून आठ वर्षं होती) स्टॅनफर्डमध्ये वीस व्याख्यानांची माला घडवून आणली आणि सगळी यूट्यूबवर ठेवली. एमआयटीचे बिल ऑलेट यांची चोवीस पायऱ्यांची पद्धत आधी पुस्तकात आणि मग एडएक्सवर आली. २०१७ मध्ये वाय कॉम्बिनेटरनं स्वतःचा ऑनलाइन वर्ग काढला. जे ऐकायला पूर्वी कॅलिफोर्निया गाठावं लागे, ते पाच वर्षांत इचलकरंजीत रात्री जेवताना ऐकता येऊ लागलं.

यातली बरीच व्याख्यानं चांगली आहेत, हे आधी मान्य करायला हवं. पण सगळी सारख्याच कामाची नाहीत. यशस्वी माणूस स्वतःची कहाणी सांगतो तेव्हा नशिबाचा वाटा हमखास गाळतो, आणि ऐकणारा ती कहाणी कृती म्हणून लिहून घेतो. थील यांना ऐकणं ही उंची बौद्धिक करमणूक आहे, मात्र सोमवारी सकाळी उठून काय करायचं ते त्यातून कळत नाही. ब्लँक यांचं उलट. बोलणं रुक्ष, पण सांगणं एकच आणि पक्कं. तुमच्या खोलीत आहेत ती फक्त मतं, खरं काय ते बाहेर आहे, तेव्हा उठा आणि गिऱ्हाइकाशी बोला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं २०११ मध्ये याच पद्धतीवर शास्त्रज्ञांसाठी एक कार्यक्रम उभारला. त्यात प्रत्येक चमूला काही आठवड्यांत शंभर संभाव्य ग्राहकांना भेटावं लागतं. शंभर! आपल्याकडचे किती नवउद्योजक पैसे उभे करण्याआधी दहा जणांना भेटलेले असतात?

गिऱ्हाइकाशी बोला, हे ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की गाडी अडते. समजा, सांगलीकडचे दोन तरुण इंजिनिअर दूध संकलन केंद्रांसाठी ॲप करू पाहताहेत. ते केंद्रावर जातात, चालकाला मोबाइलवर नमुना दाखवतात आणि विचारतात, “काका, असं ॲप आलं तर वापराल ना?” काका म्हणतात, “चांगलंय की. करा, करा.” वर चहा पाजतात. दोघं वहीत लिहितात, ‘प्रतिसाद उत्तम’. वास्तविक काकांनी त्यांना काहीच सांगितलेलं नाही. दारी आलेल्या पोरांना ‘नको’ म्हणणं त्यांच्या जिवावर आलं, एवढंच.

रॉब फिट्झपॅट्रिक यांचं ‘द मॉम टेस्ट’ हे २०१३ चं छोटं पुस्तक नेमकं याच दुखण्यावर आहे. प्रश्न असा विचारा की सख्ख्या आईलाही खोटं कौतुक करायला जागा उरू नये. म्हणजे ‘वापराल का’ हे सोडायचं आणि झालेल्या गोष्टींबद्दल विचारायचं. “गेल्या पंधरवड्यात फॅटवरून कुणाशी वाजलं का? मग काय केलंत? दहा दिवसांचं बिल कोण काढतं? किती वेळ जातो? आत्ताच्या मशीनला किती मोजलेत?” आता काका मोकळे होतात. कळतं की फॅट मोजणारं यंत्र, वजनकाटा आणि चिठ्ठी काढणारा संगणक एकाच विक्रेत्यानं बसवून दिलाय, तो फोन केला की तासाभरात हजर होतो, आणि काकांची खरी डोकेदुखी हिशेबाची नाहीच. उत्पादकांनी घेतलेल्या उचलीच्या वसुलीची आहे. ॲपची कल्पना तिथंच लंगडी पडते. दुसरी एखादी हाती लागते, किंवा लागतही नाही.

हे कसब व्हिडिओ बघून येत नाही. आठ-दहा मुलाखती वाईट कराव्या लागतात आणि मग कुणीतरी ध्वनिमुद्रण ऐकून “इथं तू त्यांच्या तोंडात शब्द घातलास” असं तोंडावर सांगावं लागतं. शिवाय पुढच्या सोमवारी “किती जणांना भेटलात?” असं विचारणारं कुणी असेल, तरच रविवारी माणूस घराबाहेर पडतो.

फुकट व्याख्यानांचं पुढे काय होतं, याचा एक विश्वासार्ह आकडा उपलब्ध आहे. जस्टिन राइश आणि होजे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा ताळेबंद मांडला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला गेलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के. ‘फी घ्या म्हणजे लोक टिकतात’ असा निष्कर्ष क्लास चालवणारे यातून लगेच काढतात. तो अर्धाच खरा आहे, कारण ज्याला शेवटपर्यंत जायचंच असतं तोच बहुधा पैसे भरतो. आणि उद्योजकाच्या बाबतीत अभ्यासक्रम पूर्ण करणं ही कसोटी तरी कितपत धरायची? चौथ्या आठवड्यात पहिलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून वर्ग सोडून गेलेल्या मुलीला नापास म्हणायचं का?

मग प्रशिक्षणानं फरक पडतो की नाही, हे ठरवायचं कसं? यावर गेल्या काही वर्षांत बरंच नेटकं संशोधन झालं आहे. चिठ्ठ्या टाकून काहींना एक प्रकारचं प्रशिक्षण, काहींना दुसऱ्या प्रकारचं, आणि मग दोघांचं काय होतं ते वर्ष-दोन वर्षं बघत राहायचं. यातला सगळ्यात उद्बोधक प्रयोग इटलीतला. अर्नाल्डो कामुफ्फो, अल्फोन्सो गाम्बार्देल्ला आणि सहकाऱ्यांनी ११६ नवउद्योगांवर तो केला आणि २०२० मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये छापला. दोन्ही गटांना शिकवलेली साधनं तीच होती. बाजार कसा तपासायचा, मुलाखती कशा घ्यायच्या, थोडक्या खर्चात नमुना कसा करून बघायचा. फरक होता तो दृष्टीचा. एका गटाला सांगितलं की तुमची कल्पना हे फक्त गृहीतक आहे. ते खोटं ठरेल अशी कसोटी आधी ठरवा आणि निकाल काय आला तर काय करायचं, हेही आधीच पक्कं करा. दुसऱ्या गटाला साधनं वापरायची मुभा दिली, पण निर्णय त्यांच्या अंदाजावर सोडला. पहिल्या गटाची कामगिरी सरस ठरली आणि कल्पना बदलून दुसरी धरणारेही त्याच गटात जास्त निघाले. पुढे ही धरून अशा चार चाचण्यांत मिळून ७५९ उद्योग तपासले गेले. त्यात असंही दिसलं की या पद्धतीनं शिकलेले लोक न चालणारी कल्पना सोडून देण्याकडे अधिक झुकतात.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांच्या दृष्टीनं तितकाच अडचणीचा. कारण चांगल्या प्रशिक्षणाचं फळ पुष्कळदा ‘धंदा सुरूच केला नाही’ असं असतं. वडिलांच्या नावावरचं कर्ज टळलं, उमेदीची दोन वर्षं वाचली. पण याचा फोटो काढता येत नाही की वार्षिक अहवालात तक्ता टाकता येत नाही. अहवालात मोजले जातात ते ‘सुरू झालेले उद्योग’. मग प्रशिक्षकही नकळत प्रत्येकाला पुढे ढकलत राहतो.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला. आरोन चॅटर्जी, सोलेन डेलकोर्ट, शरीक हसन आणि रेमब्रँड कोनिंग यांनी भारतातल्या शंभर तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना एकत्र आणलं आणि चिठ्ठ्या टाकून त्यांच्या जोड्या लावल्या. सल्ला द्यायचा तो एकमेकांनीच, विषय माणसं सांभाळण्याचा. नियमित बैठका घेणारा, उद्दिष्टं ठरवून देणारा, काम बरं झालं की वाईट ते वेळच्या वेळी सांगणारा जोडीदार ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्या कंपन्या दोन वर्षांनंतर, ढिसाळ जोडीदार मिळालेल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी मोठ्या होत्या. बंद पडण्याचं प्रमाणही १० टक्के-अंकांनी कमी. यात कुणी गुरू नव्हता, परदेशी पाहुणा नव्हता; आपल्यासारखाच एक धंदा करणारा माणूस होता. गंमत म्हणजे एमबीए झालेल्या किंवा आधीच एखाद्या ॲक्सलरेटरमधून बाहेर पडलेल्या संस्थापकांवर या सल्ल्याचा परिणाम दिसला नाही. त्यांना ते आधीच येत होतं की ऐकायची तयारी नव्हती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चिलीमधल्या ‘स्टार्टअप चिले’ या सरकारी कार्यक्रमाच्या अभ्यासातूनही असंच काही निघालं. नुसते पैसे आणि बसायला जागा दिली तर फरक पडत नाही, जोडीला शिकवणं आणि पाठपुरावा असेल तर पडतो. टोगोमध्ये दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. हिशेब, विपणन वगैरे रूढ विषय शिकलेल्यांच्या नफ्यात ११ टक्के वाढ दिसली, पण तीही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. उलट, स्वतः पुढाकार कसा घ्यायचा, अडचणीचा अंदाज आधीच कसा बांधायचा, अपयश आलं तरी चिकटून कसं राहायचं यावर भर देणारं मानसशास्त्रीय प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. ही कल्पना आपल्याला नवी वाटायला नको. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादला नेऊन कर्तृत्वप्रेरणेचं प्रशिक्षण दिलं होतं. भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणाची एक मोठी वाट तिथूनच निघते.

आता मार्गदर्शकाच्या जागी यंत्रमानवच बसवू, असं म्हणणाऱ्यांसाठी केनियातला प्रयोग वाचण्याजोगा आहे. तिथल्या ६४० छोट्या उद्योजकांपैकी काहींना व्हॉट्सॲपवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा सल्लागार देण्यात आला. सरासरीत फरक शून्य. फोड केली तेव्हा दिसलं की आधीच बरा धंदा असलेल्यांना फायदा झाला, अडचणीत असलेल्यांचं मात्र नुकसान झालं. सल्ला दोघांना सारखाच सफाईदार मिळत होता. कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा ही पारख प्रत्येकाची आपापली.

आपल्याकडे १६ जानेवारी २०१६ ला ‘स्टार्टअप इंडिया’ची सुरुवात झाली, पाठोपाठ अपग्रॅड या कंपनीच्या साथीनं चार आठवड्यांचा फुकट ऑनलाइन कार्यक्रम आला. त्यात चाळीसहून अधिक नामवंत संस्थापक बोलतात. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं, तिथं उद्योजकतेचे अभ्यासक्रम मुबलक आहेत. गोल्डमन सॅक्सचा ‘टेन थाउजंड विमेन’ हा स्त्रियांसाठीचा कार्यक्रम कोर्सेरावर विनामूल्य मिळतो, आणि संध्याकाळच्या बैठकांना जाणं ज्यांना जमत नाही अशा बायकांसाठी ऑनलाइनचा हा एक फायदा निर्विवाद आहे. सरकारदरबारी मान्यता मिळालेले नवउद्योग २०२५ च्या सुरुवातीलाच दीड लाखांच्या पुढे गेले होते, त्यात महाराष्ट्र पहिला. या सगळ्यांनी चार-चार आठवड्यांचे वर्ग केले तरी व्हिडिओ कमी पडणार नाहीत.

आपल्या राज्यात तर ही परंपरा इंटरनेटच्या आधीची आहे. १९८८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (एमसीईडी) स्थापन झालं. एमसीईडीच्या वर्गाला बसलेली माणसं आज तालुक्या-तालुक्यात सापडतात. शिकवणं मराठीतून. प्रकल्प अहवाल कसा लिहायचा, जिल्हा उद्योग केंद्रात कोणता अर्ज द्यायचा, बँकेच्या मॅनेजरपुढे काय बोलायचं. या वर्गांची थट्टा करणं सोपं आहे; स्टार्टअपवाल्या मंडळींनी ती भरपूर केली. पण तिथं शेजारच्या बाकावर दुसरा धंदेवाला बसलेला असायचा, पुढे वर्षभर त्याच्याशी गाठ पडायची, आणि “तुझ्या शेडचं काय झालं?” असं तो विचारायचा. प्रशिक्षण ऑनलाइन नेताना अभ्यासक्रम गेला, बाक गेला नाही.

बाक नसला की प्रमाणपत्र हेच उद्दिष्ट होतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कर्जावरचं अनुदान पदरात पडायचं तर उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला लागतो, आणि हे प्रशिक्षण आता ऑनलाइनही घेता येतं. ज्याचं कर्ज आधीच मंजूर झालंय, यंत्राची ऑर्डर गेलीय, तो माणूस व्हिडिओ एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे विटांच्या ट्रॉल्या उतरवून घेणार. त्यात त्याचा काय दोष? शिकायची वेळ निघून गेल्यावर आपण त्याला शिकवतोय.

विषयांचीही पंचाईत आहे. अमेरिकी वर्गात कंपनी म्हणजे डेलावेअरमधली कंपनी, गुंतवणूक म्हणजे ‘सेफ’चा, म्हणजे आज पैसे घेऊन पुढे शेअर देण्याच्या कराराचा कागद, आणि गिऱ्हाईक म्हणजे क्रेडिट कार्डानं महिन्याच्या महिन्याला पैसे भरणारा. आपल्याकडे तो ‘सेफ’ जसाच्या तसा चालत नाही. म्हणून मुंबईच्या हंड्रेडएक्स डॉट व्हीसी या गुंतवणूक कंपनीनं २०१९ मध्ये प्रेफरन्स शेअरच्या साच्यात बसवलेला ‘आय-सेफ’ रूढ केला. नवउद्योगांत येणाऱ्या गुंतवणुकीवरचा, २०१२ पासून छळणारा एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पानं काढून टाकला, त्यामुळे त्याआधी चित्रित केलेला कायद्याचा धडा आज शिळा झाला आहे. पण या गोष्टी एखादा चांगला सीए तासाभरात सांगेल. खरी उणीव उधारीची आहे. दुसऱ्या उद्योगांना माल किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या मराठी पोराचा धंदा बहुधा गिऱ्हाईक न मिळाल्यानं बुडत नाही. मिळालेलं गिऱ्हाईक नव्वद दिवस पैसे देत नाही म्हणून बुडतो. बिल आजचं, जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे मात्र गणपतीनंतर.

सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकर कायद्यात त्याला दात बसवले. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. उद्यम नोंदणी केलेल्या सेवा-उद्योगालाही हे हत्यार वापरता येतं. पण पहिल्याच मोठ्या गिऱ्हाइकाला कायद्याचं कलम दाखवायचं की नाही, आगाऊ रक्कम मागताना वाक्य काय वापरायचं, कोणत्या तारखेला खरेदीवाल्यांना सोडून थेट हिशेब विभागाला फोन लावायचा, हे शिकवणारा वर्ग मला कुठल्याही मोठ्या व्यासपीठावर आढळलेला नाही. मार्केट यार्डातल्या कुठल्याही आडत्याला ते तोंडपाठ असतं. पुण्यात उद्योजक आनंद देशपांडे यांनी सुरू केलेलं देआसरा फाउंडेशन छोट्या व्यावसायिकांसाठी या अंगानं काम करतं, पण ‘स्टार्टअप’ म्हणवून घेणाऱ्याला खानावळवाल्याच्या रांगेत बसायला नको असतं.

दर्जेदार फुकट माल आणि प्रमाणपत्रांचा सरकारी माल यांच्या मधल्या फटीत एक बाजार उभा राहिला आहे. त्याच्याबद्दल फार लिहावं असं काही नाही. नव्याण्णव रुपयांचा वेबिनार, ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ची सवलत, दोन तास प्रेरणादायी बोलणं आणि शेवटी पन्नास हजारांचा ‘इनर सर्कल’. ओळखण्याची साधी खूण म्हणजे, शिकवणाऱ्याचा मुख्य धंदा हा वर्गच असतो. त्याहून बरे असे परदेशी प्रयत्नही फारसे टिकले नाहीत. ऑन डेक या फी घेऊन संस्थापकांचे गट बांधणाऱ्या कंपनीनं २०२२ मध्ये काही महिन्यांत दोनदा नोकरकपात केली. ‘बिल्डस्पेस’मध्ये तरुण पोरं आठवड्याला काय केलं ते सगळ्यांसमोर मांडत, तिथला उत्साह खरा होता, तरी ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या संस्थापकानं ती बंद केली. जाब विचारायला माणूस लागतो आणि माणसाचा तास स्वस्त होत नाही, हे गणित दोघांनाही चुकलं नाही.

राहता राहिला तिसरा माल, ओळख. वाय कॉम्बिनेटर निवडलेल्या कंपनीला पाच लाख डॉलर देते. त्यातले सव्वा लाख सात टक्के हिश्श्याच्या बदल्यात, उरलेले पुढच्या फेरीच्या भावानं. करोनाच्या साथीत तिच्या तुकड्या पूर्ण ऑनलाइन झाल्या तेव्हा भारतीयांची चंगळ झाली. पुढे झेप्टो म्हणून गाजलेली, मुंबईत सुरू झालेली किराणाकार्ट २०२१ च्या हिवाळी तुकडीत होती. ती तुकडी कॅलिफोर्नियाला न जाताच पार पडली. याचा अर्थ ओळखही ऑनलाइन पोचवता येते. तरीही साथ ओसरल्यावर संस्थेनं तुकड्या पुन्हा समोरासमोर, आता सॅन फ्रान्सिस्कोत, भरवल्या. जगभर पाहिली जाणारी स्टार्टअप व्याख्यानं फुकट वाटणारी ही संस्था स्वतःचे पैसे लावते तेव्हा माणसं समोर बसवून घेते, यातून काय ते समजून घ्यावं. आपल्या केंद्र सरकारचाही मार्ग काहीसा तसाच आहे. २०२१ मध्ये आलेल्या ९४५ कोटींच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, पण ते मिळायचं इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आसरा देणाऱ्या केंद्रांमार्फत. पुण्याच्या एनसीएलमधलं व्हेंचर सेंटर, आयआयटी मुंबईतलं साइन, गोव्यात फातोर्ड्याचं ‘फायर’ अशा ठिकाणी निवड व्हावी लागे. ऑनलाइन प्रमाणपत्र दाखवून ते दार उघडत नाही.

मग धाराशिव किंवा गडचिरोलीच्या मुलीनं काय करायचं? महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीनं एक चांगली गोष्ट केली आहे, ती प्रशिक्षणात मोडत नाही म्हणून तिची चर्चा कमी होते. तिच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ नवउद्योगांना सरकारी खात्यांकडून थेट कार्यादेश मिळतात. बक्षीस नाही, काम. खरं गिऱ्हाईक, खरी मुदत, आणि बिलासाठी मंत्रालयात खरे हेलपाटे. माझ्या लेखी हा राज्यातला सर्वोत्तम अभ्यासक्रम आहे, फक्त त्याच्या जागा २४ आहेत.

उरलेल्यांसाठी नवे व्हिडिओ काढण्यात अर्थ नाही. मराठीत हवेच असतील तर जुने चांगले घेऊन त्यांना मराठी आवाज द्यावा, काम संपलं. पैसा लागेल तो सहा-सहा संस्थापकांच्या गटांवर. गट जिल्ह्याचे न करता धंद्याचे करावेत. म्हणजे दुधाच्या धंद्यातली सांगलीची पोरं, जळगावची आणि संगमनेरची एका कॉलवर येतील आणि एकमेकांच्या थापा लगेच ओळखतील. दर सोमवारी अर्धा तास. किती जणांना भेटलात, किती पैसे जमा झाले, किती अडकले, आणि काय दिसलं तर हा नाद सोडाल. गट सांभाळायला स्वतः धंदा केलेला, शक्यतो एकदा तरी बंद केलेला माणूस पगारी नेमावा. एमसीईडीकडे जिल्ह्याजिल्ह्यात कार्यालयं आहेत, अशी माणसं शोधायला तीच बरी. मार्गदर्शकाचं मूल्यमापन करताना गटातल्या किती जणांनी वेळेत कल्पना सोडली, हा रकानाही अहवालाच्या तक्त्यात असावा, आणि त्यात शून्य आलं तर लेखापरीक्षकानं कारण विचारावं.